कुंदाताई आणि खाडीची साय

खाडीतून काढलेला प्लास्टिकचा तुकडा हातात दिला तर त्यावर काय काय बसलंय हे आज मी थोडंफार सांगू शकते. कॉलेजातली माझी नोकरी टिकली आहे, ठाकुर्लीतली भाड्याची खोली टिकली आहे, पोरगी तिसरीत गेली आहे. हे सगळं कुंदाताईमुळे. तिचं नाव आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात तिच्याबद्दल माझ्या तोंडून सगळं चांगलंच निघेल असं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे इकडे आले. डोंबिवलीतल्या एका कॉलेजात, जंतूंचा अभ्यास करतात त्या प्रयोगशाळेत, काचसामान धुवायचं काम लागलं. अकरा महिन्यांची ऑर्डर. ती संपली की नवी मिळणार, मिळाली तर. ऑर्डर संपायच्या दोन महिने आधीपासून मी दिवस मोजायला लागायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख नीलिमा मॅडम माझ्याशी दोन वाक्यं कमी बोलल्या तरी मला वाटायचं, झालं, आता गाठोडं बांधा.

कुंदाताई माझ्याच पदावर, माझ्याआधी सहा वर्षं लागलेली. ती इथलीच, खाडीकाठच्या गावातली. तिच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. ती स्वतः लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मीठ ओढत होती. शिक्षण चौथी. माझी नववी. हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही.

पन्नाशीची, बुटकी, पावलं अशी रुंद की कॉलेजने दिलेल्या चपला तिला कधी बसल्या नाहीत. साडी पोटऱ्यांच्या खाली उतरायची नाही, त्यावर पांढरा अॅप्रन, आणि अॅप्रनचं एक बटण हमखास चुकीच्या काजात. मी ते नीट करायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊदे गो. जंतू काय माझी बटनं बघतान?" खाडीच्या पाण्याच्या बाटल्या ती मासळीच्या पाटीत घालून आणायची, वर ओलं फडकं. शेअर रिक्षावाला नाक मुरडायचा.

"मावशी, मच्छी नको हां रिक्षात. पॅसेंजर बोंबलतात."

"मच्छी नाय रे बाबा. मच्छीचं पानी हाय. मच्छी मागशी येतेय."

रिक्षातले सगळे हसायचे आणि तिला जागा द्यायचे. मी त्याच स्टँडवर कधी एक बाटली घेऊन उभी राहिले तर मला दोन रिक्षा सोडाव्या लागायच्या.

नीलिमा मॅडमचं काम असं होतं. आपण टाकलेलं प्लास्टिक खाडीवर तरंगतं आणि काही महिन्यांनी दिसेनासं होतं. लोकांना वाटतं वाहून गेलं, समुद्रात गेलं. पुष्कळसं कुठेच गेलेलं नसतं, तिथेच खाली बसलेलं असतं. त्याला बुडवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. पाण्यात पडल्यावर दोन-चार दिवसांत ते प्लास्टिकवर चिकट थर धरतात. त्या थराला गाळ चिकटतो, लोहाचा तांबूस गंज चिकटतो, हळूहळू चुन्याचा पांढरा, खरखरीत थर बसतो, आणि पिसासारखी हलकी पिशवी जड होऊन तळाला जाते. हे कुठे किती दिवसांत होतं ते मॅडमना मोजायचं होतं. त्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या कापून, जाळीच्या पिशव्यांत घालून, खाडीत वेगवेगळ्या ठिकाणी खुंटांना बांधायच्या आणि ठरल्या वेळी काढायच्या. बांधायचं आणि काढायचं काम कुंदाताईचं. तिच्याशिवाय त्या चिखलात कोण उतरणार?

नुसतं उतरण्यापुरतं असतं तर मी काही म्हटलं नसतं. चिखलाचा कोण हेवा करतो? पण तिला ते कळायचं. मॅडम त्या थराला इंग्रजीत काहीतरी म्हणायच्या. कुंदाताई म्हणायची 'साय'. मिठागराच्या तळावर अशीच साय धरते म्हणे. ती धरली की पाणी जमिनीत मुरत नाही आणि मीठ स्वच्छ उतरतं. "माझा सासरा त्या सायीवर पाय टाकू देत नवता. पोरां खेलायला आली का काठी घेऊन धावायचा. सुनंला शिवी देल, पन सायीला नाय." मॅडमनी हे ऐकलं आणि वही काढून लिहून घेतलं. मॅडम लिहून घेतायत आणि चौथी शिकलेली बाई सांगतेय, हे मी सिंकपाशी उभी राहून बघत होते.

एकदा एमएस्सीच्या मुलांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. चार ठिकाणच्या चार पट्ट्या, पाटी-चिठ्ठी काही नाही, आणि तिच्या डोळ्यांना रुमाल. तिने एकेक पट्टी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली, अगदी हलकी, भाकरीचं पीठ मळून झालं का बघतात तशी.

"ही नाल्याच्या तोंडाची. तांबडी असल, बघा. ही गनपतीघाटावरची, वाळू लागतेय. ही..." ती थांबली, पट्टी गालाला लावली. "ही आमच्या जुन्या मिठागराजवलची. चुना धराय लागलाय हिला. ही चवथी कोनी नलाच्या पान्यात ठेवलीय, लबाडी केलीय."

चारही बरोबर. चौथी लबाडीसुद्धा बरोबर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "हेच सूक्ष्मदर्शकातून सांगायला तुम्हाला अख्खी दुपार लागेल." माझ्या हातातला ब्रश परीक्षानळीत असा फिरला की नळीचं बूडच निघालं.

त्या आठवड्यात मी बाजारातून आणलेली दुधाची पिशवी कापली आणि मोरीतल्या जुन्या बादलीत पाणी घालून बुडवून ठेवली. रोज सकाळी डोळे मिटून बोटांनी चाचपायची. नवरा दात घासता घासता बघायचा.

"बादलीत काय देव बसवलाय का?"

"तुम्ही गप बसा."

"नाही, म्हणजे नारळ आणायचा असला तर सांग."

तीन आठवडे केलं. मला रोज बुळबुळीत लागायचं. पहिल्या दिवशी थोडं बुळबुळीत, नंतर लई बुळबुळीत. याच्यापुढे माझी बोटं काही बोलली नाहीत. मी बादली ओतून दिली.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, माझं अक्षर. बाटल्यांवर, डब्यांवर चिठ्ठ्या मी लिहायची आणि त्या छापल्यासारख्या दिसायच्या. कुंदाताई मला 'मास्तरीण' म्हणायची, अर्धं कौतुक, अर्धी चेष्टा. पण खाडीतल्या पिशव्यांना ती माझ्या चिठ्ठ्या लावायची नाही. दोऱ्याला गाठी मारायची. एक गाठ म्हणजे हे ठिकाण, दोन म्हणजे ते, शेवटी उलटी गाठ म्हणजे अमुक. मी मॅडमकडे तक्रार नेली, की हे कोणाला वाचता येणार? मॅडम हसून म्हणाल्या, "अगं शोभा, पाण्यात शाई टिकत नाही, गाठ टिकते. तू शिकून घे ना तिच्याकडून."

शिकून घे! म्हणजे हाताखाली बस. मी नाही शिकले.

आता त्या दसऱ्याचं सांगते.

पाडव्याचा मुहूर्त धरून कुंदाताईने खाडीत पट्ट्या बांधल्या होत्या. सहा महिने पाण्यात राहून त्या दसऱ्याच्या आधी निघाल्या. अष्टमीला, मी घरी गेल्यावर, तिने त्या आणल्या, खाडीच्याच पाण्यात घालून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि वर ओलं फडकं झाकलं. शेजारी तसलाच दुसरा ट्रे होता, तसंच पाणी, तसंच फडकं. त्यात महिनाभर पाण्यात ठेवून काढलेल्या, आधीच तपासून झालेल्या पट्ट्या. त्या धुऊन पुन्हा वापरायच्या होत्या. मॅडम नवरात्रासाठी पुण्याला सासरी गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "शोभा, काम झालेल्या पट्ट्या धुऊन ठेव. आणि दसऱ्याची पूजा छान करा."

आमच्याकडे दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घालतात. वजनकाट्याला हळदकुंकू, मोठ्या कुकरसारखं ते वाफेचं भांडं असतं त्याला आंब्याचा टाळा. पूजेआधी सगळं लख्ख घासायचं. नवमीला मी एकटीच होते. कुंदाताई दरवर्षी नवमीला ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जायची, अनवाणी, रांगेत तासन्‌तास उभी राहायची. मी टेबलं पुसली, काचा पुसल्या, मग ट्रेपाशी आले. दोन ट्रे, दोन्हींत चिखलाच्या रंगाच्या पट्ट्या, दोन्हींना गाठी. माझी एकही चिठ्ठी कुठे नाही.

कोणता धुवायचा?

मी फोन हातात घेतला. तिचा नंबर काढला. रांगेत असली तरी तिने उचलला असता, बिचारी कधीही उचलायची. पण विचारलं की कळणार, की मला कळत नाही. मी फोन परत अॅप्रनच्या खिशात टाकला. दार लोटून घेतलं. मग डोळे मिटले आणि तिच्यासारखी एक पट्टी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली.

पहिल्या ट्रेमधली बुळबुळीत लागली. दुसऱ्यातली कडक, खरखरीत. मी विचार केला, बुळबुळीत आहे म्हणजे ताजी, खाडीतून कालच आलेली. खरखरीत आहे म्हणजे कधीची तपासून पडलेली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, बघा, आलं की मला.

खरखरीत पट्ट्या मी साबणाने घासल्या. पांढरा थर निघेना, तेव्हा काचेवरचे डाग काढायला ठेवलेल्या पातळ अॅसिडमध्ये बुडवल्या. फसफसून बुडबुडे आले आणि सगळं साफ झालं. पाण्याने खळबळून मी त्या ओळीने कागदावर वाळत ठेवल्या. दुकानातून आणल्यासारख्या चकचकीत दिसत होत्या.

दसऱ्याच्या सकाळी कुंदाताई आली. हातात आपट्याची पानं, पायांना रांगेतले फोड. कागदावरच्या पट्ट्या तिने पाहिल्या. दुसऱ्या ट्रेवरचं फडकं उचलून पाहिलं आणि परत झाकलं. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "आसिडात टाकल्यास?"

"हो."

"फसफसल्या?"

"हो."

"किती येल?"

"बराच वेळ. का?"

"म्हंजे चुना लई धरलेला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर क्षणभर असं समाधान आलं, जणू आपल्या पोराला पहिला नंबर मिळाल्याचं कोणी सांगितलंय. मग ती स्टुलावर बसली, धुतलेली एक पट्टी बोटांत फिरवली. म्हणाली, "साय पयली बुलबुलीत असते गो. मग गाल-चिखल धरते. मग चुना धरून कडक होते. जितकी कडक तितके जास्ती दिस पान्यात ऱ्हायलेली. तू उलटं धरलंस."

सहा महिने. अख्खा पावसाळा ती त्या खुंटांपाशी जाऊन दोऱ्या तपासत होती.

माझी ऑर्डर दिवाळीनंतर संपणार होती. नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा काम अर्ध्यावर आलं होतं, माझाच पगार भाड्याला जायचा. मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. माल घाल त्या यंत्राला, झेंडू सुकतोय."

मॅडम एकादशीला आल्या. पट्ट्या बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कोणी धुतल्या?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी कुंदाताई बोलली.

"धुतल्या तिनं, पन मीच सांगलेलं. मना वाटलं त्या काम झालेल्या. देवीच्या नादात माझं ध्यान नवतं."

"कुंदाताई, तुम्ही? तुम्हाला नाही ओळखता आल्या?"

"नाय ओलखता आल्या."

हे तीन शब्द बोलताना ती खाली बघत होती. ज्या गोष्टीसाठी तिला मान होता, तीच आपल्याला येत नाही असं ती सगळ्यांसमोर बोलली. आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं, नाही म्हणत नाही. पण त्याच्या पाठोपाठ वाटलं ते वेगळंच. इतकं मोठं व्हायलाही हिलाच जमावं! माझी चूक, निदान ती तरी माझी होती. तीही हिने उचलून नेली, आणि तिच्यातही हीच उजळून निघाली. कोणाला दिसलं नसेल, मला दिसलं. अशा माणसाचा द्वेषही धड करता येत नाही.

थंडीत गोव्याला खाडीवर काम करणाऱ्या लोकांचा मेळावा होता. मॅडम तिला नेणार होत्या, आणि ती स्वतः सायीबद्दल बोलणार होती. त्यासाठी तिने अंजिरी रंगाची साडी घेतली होती आणि मला दाखवायला कॉलेजात आणली होती. ते जाणं रद्द झालं. मॅडम तिला टाकून बोलल्या नाहीत, त्या तशा नाहीत. पण विचारणं बंद केलं. खाडीच्या कामाला जानेवारीपासून एमएस्सी झालेली एक मुलगी घ्यायचं ठरवलं. डिसेंबरात कुंदाताईची ऑर्डर संपली आणि नव्या ऑर्डरसाठी कोणी अर्ज पुढे केला नाही. माझी ऑर्डर आली.

मी तिला विचारलं, "का केलंस असं?"

"तुना हाकलली असती तं तू कुटं गेली असतीस? परत हिंगोलीला? मना माझं घर हाय. आनी खाडी काय कॉलेजची हाय? ती कोन काढून घेतंय माझ्याकरनं?"

पण काढून घेतलीच होती. तिच्या बोटांना विचारणारं आता कोणी नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. पाडव्याला नव्या पट्ट्या बांधायच्या तेव्हा त्या मुलीबरोबर मीही जायचं, आणि त्याआधी तिच्याकडे येऊन शिकायचं. मी तीन रविवार तिच्या गावी गेले. ओहोटीला ती मला चिखलात उतरवायची, खाडीतून चिंध्या, पिशव्या, वेष्टनं काढून एकेक हातात द्यायची. "दिसतंय ते सोड. लागतंय काय?"

"बुळबुळीत."

"ते कुत्र्यालाबी कलंल. त्याच्याखाली?"

तिसऱ्या रविवारी एका पिशवीच्या तुकड्यावर, बुळबुळीच्या खाली, मला काहीतरी दाताखाली रवा यावा तसं लागलं. मी म्हटलं, "रवा."

"हां!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. "ह्यो चुना. आत्ताच धराय लागलाय. कललं गो मास्तरनीला!"

ती खरीच खूश होती. आणि मी मनात मोजत होते, की तिला हे डोळे बांधून येतं आणि मला अजून तिची मदत लागते.

आता मी होडीतून जाते, नारिंगी जाकीट घालून. नवी मुलगी वही सांभाळते, मी पट्ट्या. मॅडम परवा कोणाला तरी म्हणाल्या, "शोभाचा हात चांगला तयार झालाय." ऐकून बरं वाटलं, आणि मी तो हात अॅप्रनच्या खिशात घातला.

कुंदाताईला शेवटचं पाहिलं ते गेल्या माघात. आम्ही पाण्यात होतो, भरती चढत होती. बांधावर एक गृहस्थ मोटरसायकल उभी करून निर्माल्याची पिशवी खाडीत भिरकावणार, तेवढ्यात ती कुठूनशी आली आणि तिने त्याचा हात धरला. तिचं बोलणं पाण्यावरून स्पष्ट येत होतं.

"फुलां टाक. पिशवी घरी ने."

"अहो, देवाचं आहे ते."

"देव पिशवीत ऱ्हातो का रे? दे इकडं."

तिने पिशवी हिसकावली, फुलं पाण्यात सोडली, पिशवी झटकून कमरेला खोचली. तो माणूस गाडी सुरू करून निघून गेला. मग तिने मान वर केली आणि आमची होडी पाहिली. हात उंच करून हलवला, दोनदा.

मी खाली वाकले आणि नसलेली गाठ सोडवायला लागले.

"कोण आहेत त्या?" मुलीने विचारलं. "तुम्हाला हात करतायत."

"असेल गावातली कोणीतरी," मी म्हणाले.

वर बघितलं तोवर ती पाठमोरी बांधावरून चालली होती, सावकाश, त्या रुंद पावलांनी.

मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही. तोंडापर्यंत येतं आणि नव्या ऑर्डरची तारीख आठवते. पण सांगणार आहे. तिच्या गावी जाईन, तिला कॉलेजात घेऊन येईन, मॅडमच्या टेबलासमोर माझ्या शेजारी उभी करीन आणि म्हणेन, पट्ट्या मी धुतल्या, हिला न विचारता धुतल्या, आणि हिला त्या ओळखता येत होत्या. त्यानंतर माझं जे व्हायचं ते होवो. कुंदाताई, हे तुझं माझ्याकडे राहिलंय. एक दिवस मी ते फेडीन.